रेमो फर्नांडिसच्या जुन्या कॅसेटी: ऐकायच्या कशा, वाचवायच्या कशा

शापोराकाठ (धागाकर्ता)

गोव्याचा गायक-गीतकार रेमो म्हटलं की महाराष्ट्रात बहुतेकांना १९९५ चं 'हम्मा हम्मा' आठवतं, नाहीतर १९९८ चं 'प्यार तो होना ही था'. दोन्ही गाणी झकास आहेत, पण तिथे चाल दुसऱ्याची, शब्द दुसऱ्याचे. ज्या रेमोसाठी हा धागा काढतोय तो त्याआधीचा: १९८४ ची 'गोवन क्रेझी', पाठोपाठची 'ओल्ड गोवन गोल्ड', मग 'पॅक दॅट स्मॅक' आणि 'बॉम्बे सिटी'.

पहिल्या दोन कॅसेटी त्याने गोव्यात घरी, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर केल्या. 'गोवन क्रेझी'ची गाणी लिहिली त्याने, सगळी वाद्यं वाजवली त्याने, सगळे गळे त्याचे, मिक्सिंग त्याचं, वेष्टणाचं चित्रही त्याचंच (माणूस मुंबईच्या जे.जे.मधून वास्तुरचना शिकलेला, हात चित्राला सरावलेला). आणि मग पिवळ्या स्कूटरवर गोवाभर फिरून दुकानादुकानांत कॅसेटी पोचवल्याही त्यानेच. ही गोष्ट नेहमी 'किती मेहनती' अशा कौतुकाने सांगितली जाते. माझ्या मते मुद्दा मेहनतीचा नाही. शब्द लिहिल्यापासून ते दुकानाच्या फळीवर जाईपर्यंत मध्ये कोणी बसलेलंच नव्हतं, म्हणून 'ही ओळ काढ, हे नाव नको' असं सांगणाराही कोणी नव्हता. रेमोचा सार्वजनिक आवाज त्याच्या काम करण्याच्या पद्धतीतून आला आहे.

'हॅलो राजीव गांधी' घ्या. पंतप्रधान गोव्यात आलेले, आणि त्यांच्यासमोर त्यांच्याच नावाने खुल्या पत्रासारखं गाणं. स्थानिक पुढारी चिडले, वर्तमानपत्रांत झोड उठली. रेमोने कात्रणं थेट दिल्लीला धाडली आणि गाणं आवडल्याचं उत्तर आलं. गाणं म्हणूनही ते पक्कं आहे: संबोधन, मुद्दा, पुढचा मुद्दा, मध्ये एक चिमटा. घोषणा एकही नाही.

धाग्यात दोन गोष्टी हव्यात. एक, ही गाणी नीट कशी ऐकावीत. दोन, घरोघरी पडलेल्या मूळ कॅसेटी संगणकावर कशा उतरवाव्यात. दुसऱ्या विषयातले जाणकार इथे आहेत हे माहीत आहे, त्यांनी हात आखडता घेऊ नये.

कांतारवेडी

छान धागा. फक्त रेमो आकाशातून पडला असं वाटायला नको. तियात्र (कोंकणी संगीत नाटक) पाहिलेल्या माणसाला त्याचा घाट लगेच ओळखू येतो. पहिलं तियात्र १७ एप्रिल १८९२ ला मुंबईत झालं, म्हणजे ही परंपरा जन्माने मुंबईकर आहे. तियात्रात दोन पडद्यांच्या मध्ये जी कांतारां (गाणी) होतात त्यांचा कथानकाशी संबंध असावाच लागत नाही. गायक पुढे येतो, बँड दोन ओळी वाजवतो आणि तो त्या आठवड्यातल्या मंत्र्याची, पंचायतीची, रस्त्याच्या खड्ड्याची बिनपाण्याने करतो. प्रेक्षक टाळ्या वाजवून तेच कडवं पुन्हा मागतात.

कांताराची रचना ऐका: कडव्यात परिस्थिती, ध्रुवपदात टोमणा, आणि शेवटच्या कडव्यात ज्याच्यावर बोट ठेवायचं त्याचं नाव किंवा नाव न घेता नेमकी खूण. रेमोने हीच बांधणी इंग्रजीत आणि गिटारवर नेली. टेलिफोनच्या रडगाण्यावरचं त्याचं गाणं असंच आहे: ज्याने यंत्र शोधलं त्यालाच उद्देशून तक्रार.

गाण्याने राजकारणात उतरणं गोव्याला नवीन नाही. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाआधी उल्हास बुयांव गावोगाव कोंकणी गाणी गात फिरले होते. कौल १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७० असा लागला आणि महाराष्ट्रातलं विलीनीकरण टळलं. (इथे पुन्हा तो वाद उकरू नये, ही नम्र विनंती. संदर्भ गाण्यापुरता आहे.)

डोंबिवली फास्ट ट्रॅक

विनंती मान्य, तरी तिसऱ्या पानापर्यंत कोणीतरी उकरेलच :)

बासवाला

शापोराकाठ, एका बाबतीत असहमत. हिंदी सिनेमात गेल्यावर रेमोचा आवाज हरवला असा सूर तुमच्या पहिल्या परिच्छेदात आहे. 'हम्मा'ची हिंदी आवृत्ती आणि तमिळ मूळ लागोपाठ ऐका. तमिळमध्ये रहमान, सुरेश पीटर्स आणि स्वर्णलता, हिंदीत रेमो. तालाचा सांगाडा तोच असूनही रेमो शब्द ठोक्याच्या किंचित मागे टाकतो आणि ओळीचं शेवटचं अक्षर खालून वर ओढतो. ती लकब 'गोवन क्रेझी'तलीच. गायक म्हणून तो कुठेच हरवला नाही.

शापोराकाठ

गायकाबद्दल तुमचं बरोबर. मी लेखकाबद्दल म्हणत होतो. ठेका मागे टाकण्याचं निरीक्षण मात्र फर्मास.

नवखा_०७

चार ट्रॅक म्हणजे चारच आवाज ना? पण 'गोवन क्रेझी'त एका वेळी गिटार, बेस, ताल, बासरी, मुख्य गळा आणि मागे कोरस ऐकू येतो. हे कसं बसवलं असेल?

टेपगुंडाळी

उत्तर 'बाउन्स'. मोठं आहे, पण एकदा समजलं की ही गाणी वेगळ्या कानाने ऐकू येतात. रेमोने कुठल्या गाण्याला नेमका कोणता क्रम लावला ते मी सांगत नाहीये, यंत्राचं तंत्र सांगतोय.

साध्या कॅसेटमधली टेप ३.८१ मिमी रुंद. नेहमीच्या वापरात तिच्यावर चार पट्टे असतात: एका बाजूचे डावा-उजवा, दुसऱ्या बाजूचे डावा-उजवा. चार ट्रॅकचा रेकॉर्डर हे चारही पट्टे एकाच दिशेने वापरतो, म्हणून कॅसेट उलटायची नाही. १९७९ साली आलेल्या पहिल्या पोर्टास्टुडिओत (चार ट्रॅकचा घरगुती कॅसेट रेकॉर्डर) टेप दुप्पट वेगाने, म्हणजे सेकंदाला ४.७६ ऐवजी साधारण ९.५ सेंमी, धावते. त्याने वरची पट्टी (म्हणजे ट्रेबल, बारीक-उंच आवाज) सुधारते आणि टेपची सूं (मागची सततची सरसर) कमी होते. किंमत अशी की साठ मिनिटांच्या कॅसेटवर फक्त १५ मिनिटं मावतात.

आता बाउन्स. १, २, ३ वर तीन वाद्यं भरा. ती तिन्ही ऐकत, चौथं थेट वाजवत, सगळं मिळून ४ वर उतरवा. चार भाग एका ट्रॅकवर आले, १-२-३ मोकळे. १ आणि २ वर दोन भाग भरा, तिसरा थेट वाजवत ३ वर उतरवा. मग १ वर एक, दुसरा थेट, दोन्ही २ वर. शेवटी १ वर एकच. ४+३+२+१, एकूण दहा भाग, आणि कुठलाही भाग एकापेक्षा जास्त वेळा उतरवलेला नाही.

बिघडतं कुठे?

बाउन्स करून मूळ ट्रॅक पुसले की आतला तोल कायमचा गोठतो. बेस चढा राहिला तर पुढे तो एकटा खाली करता येत नाही. त्यामुळे दहावा भाग वाजण्याआधी, पहिल्या चार भागांच्या वेळीच अंतिम मिक्स डोक्यात ऐकावं लागतं. तीन ट्रॅक सारख्या पातळीवर एकत्र केले की तिघांची सूं एकत्र होऊन साधारण ५ डेसिबलने वाढते, शिवाय उतरवताना वरची पट्टी थोडी झिजते. म्हणून पहिल्या फेरीत बेस, ढोल, ताणून धरलेले सूर. झांज, बासरी आणि मुख्य गळा शेवटी. उलट केलंत तर गळा घोंगडीखालून आल्यासारखा येतो. तिसरी भानगड शेजारच्या ट्रॅकची: ट्रेबल चढवून बाजूच्याच ट्रॅकवर उतरवलं तर यंत्र शिट्टी मारायला लागतं. बाउन्स करताना ट्रेबल सपाट ठेवा, वाढवायचा तो भरतानाच वाढवा.

आणि एका ट्रॅकवर गोठलेले चार भाग डावी-उजवीकडे पसरता येत नाहीत. या पद्धतीच्या रेकॉर्डिंगमध्ये मधोमध दाटी आणि कडेला एखादंच वाद्य असं चित्र दिसतं ते त्यामुळे.

कांतारवेडी

आणि एकट्याने कोरस? तो 'घोळका' खरा वाटतो.

टेपगुंडाळी

त्यावर गळ्याची मास्टरीण बोलली तर बरं. ताई, आहात का?

खर्जातली

आहे आहे.

एकच गळा तीनदा भरला की घोळका आपोआप होत नाही. बहुतेक वेळा 'तोच माणूस तीनदा' असं ऐकू येतं, कारण तिन्ही वेळा अंतर, स्वरांची रुंदी आणि श्वासाची जागा तीच असते. वेगळेपणा मुद्दाम आणावा लागतो. पहिला आवाज माइकपासून २० सेंमीवर, दुसरा दीड-दोन फुटांवर, तिसरा एक मीटर मागे आणि तोंड थोडं वळवून. दुसऱ्या वेळी 'आ' रुंद, तिसऱ्या वेळी नाकात. कोंकणीत ओळीच्या शेवटी अनुनासिक भरपूर, तिथे हे सहज जमतं.

सगळ्यात महत्त्वाचं शेवटच्या व्यंजनाचं. इंग्रजी ओळ 'स', 'ट', 'क'वर संपत असेल तर तिन्ही आवाजांत ते अक्षर कधीच एका क्षणी पडत नाही. टटटट असं फुटकं ऐकू येतं. युक्ती अशी की एकाच आवाजाने व्यंजन पूर्ण म्हणायचं, बाकीच्यांनी स्वरावरच सोडून द्यायचं. ऐकणाऱ्याला सगळ्यांनी म्हटल्यासारखं वाटतं. चर्चच्या गायकवृंदातही हेच करतात.

'ओल्ड गोवन गोल्ड' ऐकणाऱ्यांसाठी एक जोड. त्यात जुनी कोंकणी-पोर्तुगीज गाणी आहेत. मांडो आणि दुलपद हे गोव्यातले गाण्याचे दोन प्रकार: मांडो ६/४ मध्ये, संथ, आणि दुलपद ६/८ मध्ये, चटकन. मराठी कानाला दोन्ही दादऱ्यासारखे वाटतात आणि मग सम भलतीकडे पडते. मांडोत सहा मात्रा मोजा, पण जोर दादऱ्यासारखा हाताने देऊ नका. गळ्याबरोबर किंचित थांबत जा. तो रेंगाळ म्हणजेच मांडो.

घुमट

माझ्या नावाला जागून एक भर. जुन्या रेकॉर्डिंगमधलं घुमट (मातीचं तालवाद्य) आणि आजचं घुमट यांच्या नादात फरक जाणवतो तो कानाचा दोष नाही. मातीच्या मडक्याच्या रुंद तोंडावर पूर्वी घोरपडीचं कातडं ताणत. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आल्यापासून बकरीचं वापरतात. ते जाड असतं, दमट हवेत सैल पडतं, आणि टणत्कार बसतो. वाजवण्याआधी उन्हात किंवा मंद आचेपासून हातभर अंतरावर तापवून घ्यावं लागतं. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला, म्हणजे निदान शाळांमधून तरी ते दिसतं.

नवखा_०७

सगळ्यांचे आभार. आता मुख्य अडचण. 'पॅक दॅट स्मॅक'ची मूळ कॅसेट आहे, आवाज दबलेला येतो. यूएसबीवाला छोटा प्लेअर स्वस्तात मिळतो, तो घेऊ का?

टेपगुंडाळी

घेऊ नका. त्या खेळण्यांत वेग डुगडुगतो, आणि पुष्कळ यंत्रांत पातळी आपोआप वरखाली करणारं सर्किट असतं. गाणं शांत झालं की ते पातळी वर खेचतं आणि सूं फुगते. नंतर ते काढता येत नाही. त्यापेक्षा चालू स्थितीतला जुना घरगुती डेक शोधा, रबरी पट्टे नवे टाकून घ्या.

दबलेला आवाज म्हणजे दहांतल्या आठ वेळा दोनच कारणं: मळलेलं हेड (टेपवरचा आवाज वाचणारा भाग) किंवा हेडचा कोन. क्रमाने करा.

१. कॅसेट आधी तपासा. खिडकीतून टेपच्या कडेवर पांढरे ठिपके दिसले तर बुरशी. तशी कॅसेट डेकमध्ये घालू नका, हेड आणि पुढच्या सगळ्या कॅसेटी खराब होतील. मधल्या पत्र्याच्या पट्टीवरचा लोकरी तुकडा जागेवर आहे का पाहा. तो गळला की टेप हेडला टेकत नाही आणि ट्रेबल जातो.

२. हेड, धातूचा उभा दांडा आणि रबरी चाक पुसा. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाची काडी, तपकिरी डाग येणं थांबेपर्यंत. रबरावर कमीत कमी अल्कोहोल, लगेच कोरड्या काडीने पुसा. वाजवण्याआधी पाच मिनिटं सुकू द्या. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं नको, त्यात पाणी असतं.

३. कॅसेट एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे. वर्षानुवर्षं पडलेल्या टेपचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, वाजवताना तेच अडकतात.

४. आता कोन. हेडच्या बाजूला स्प्रिंगवाला छोटा स्क्रू असतो. मूळ जागेची मार्करने खूण करा. गाणं सुरू करून दोन्ही बाजू एकत्र, म्हणजे मोनो करून ऐका आणि स्क्रू अगदी किंचित, पाव फेऱ्याच्या आत, फिरवा. कोन चुकलेला असेल तर मोनोत झांजा आणि 'स' नाहीसे होतात. नेमक्या जागी आला की एकदम उजळतात. प्रत्येक कॅसेटला हे पुन्हा करायचं, कारण ती ज्या यंत्रावर छापली गेली त्याचा कोन वेगळा असू शकतो.

५. लाइन आउटमधून घ्या, हेडफोनच्या भोकातून नाही. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास. डब्ल्यूएव्ही किंवा एफएलएसी या आवाज न झिजवणाऱ्या फाइल-प्रकारांत साठवा. एक तासाची डब्ल्यूएव्ही साधारण १ जीबी होते, तेवढी जागा आज कोणाकडेही आहे. एमपी३ फक्त गाडीत ऐकायला.

डोंबिवली फास्ट ट्रॅक

डॉल्बीचं बटण चालू की बंद? इथे सूं कमी करायला सगळे चालू करतात.

टेपगुंडाळी

म्हणूनच सगळ्यांची गाणी बोथट येतात. डॉल्बी बी भरताना हलक्या आवाजाचा ट्रेबल वाढवतं आणि वाजवताना तेवढाच उतरवतं. भरतानाच लावलं नसेल तर वाजवताना ते नुसता ट्रेबल कापतं, सूंबरोबर झांजही गेली. वेष्टणावर दोन 'डी'ची खूण असेल तरच चालू. खूण असूनही आवाज श्वास घेतल्यासारखा वरखाली होत असेल तर आधी कोन तपासा. ट्रेबल कमी पोचला की डॉल्बीचं गणित चुकतं.

संगणकावर सूं काढणाऱ्या प्रोग्रॅमचाही मोह आवरा. घरगुती चार ट्रॅकवाल्या रेकॉर्डिंगमध्ये सूं दोन थरांची असते: मूळ टेपची आणि तुमच्या कॅसेटची. प्रोग्रॅमला दोन्ही एकच दिसतात. ६ डेसिबलच्या पुढे गेलात की बासरीतला श्वास जातो आणि पाण्याखालचे बुडबुडे येतात. न साफ केलेली प्रत कायम वेगळी ठेवा.

बासवाला

वेगाबद्दल. गिटार लावून पाहिलं आणि गाणं अर्ध्या पट्टीने वर निघालं तर लगेच डेकला दोष देऊ नका. चार ट्रॅकच्या यंत्रांवर वेग कमीजास्त करायची खुंटी असते. गायक कधी गळ्याच्या सोयीसाठी, कधी आवाज जरा तरुण यावा म्हणून ती फिरवतो. म्हणजे मूळ रेकॉर्डिंगच ४४० हर्ट्झच्या 'ए'वर (वाद्यं लावायच्या प्रमाण सुरावर) नसू शकतं. आधी ३१५० हर्ट्झची चाचणी कॅसेट लावून डेकचा वेग नक्की करा, त्यानंतर गाणं जसं येईल तसं. पट्टी 'सुधारून' मांडलेल्या प्रती आंतरजालावर फिरतात, त्यांत गळा ओळखू येईनासा होतो.

शापोराकाठ

हे लक्षात आलं नव्हतं कोणाच्या, उत्तम. कायद्याचंही सांगून टाकतो, नाहीतर उद्या कोणीतरी अख्खी कॅसेट चढवून इथे दुवा देईल. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. म्हणजे १९८४ ची कॅसेट २०४४ संपेपर्यंत. शब्द आणि चालीचा हक्क निर्मात्याच्या हयातीनंतरही ६० वर्षं. स्वतःच्या कॅसेटची स्वतःसाठी प्रत वेगळी आणि जाहीर चढवणं वेगळं. ज्याने स्कूटरवरून स्वतः कॅसेटी विकल्या त्याचीच गाणी फुकट वाटणं मला तरी पटत नाही.

खर्जातली

+१

नवखा_०७

बुरशीचे ठिपके आहेत. आता?

टेपगुंडाळी

घाबरू नका. ओव्हनमध्ये मात्र घालू नका. टेप भाजण्याचा उपाय मोठ्या रिळांच्या काही प्रकारच्या चिकट झालेल्या टेपसाठी आहे, कॅसेटच्या बुरशीसाठी नाही, प्लॅस्टिक वाकेल.

आधी कॅसेट हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर आठवडाभर ठेवा. ओली बुरशी पसरते, कोरडी झटकता येते. मग मास्क लावून, शक्यतो घराबाहेर काम करा. एक निकामी डेक फक्त गुंडाळण्यासाठी वेगळा काढा. त्याचं झाकण उघडून टेपच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी मऊ, कोरडं, धागे न सुटणारं कापड हलकेच धरा आणि हळू पुढे गुंडाळा, मग कापड बदलून मागे. दोन-तीन फेऱ्यांत कड स्वच्छ होते. वेगात गुंडाळू नका: चिकटलेला थर ओढला गेला तर टेपवरचं तपकिरी लेपण सुटतं, आणि त्यावरच गाणं आहे.

त्यानंतर टेप नव्या कवचात हलवा. पाच स्क्रूवाली रिकामी कॅसेट घ्या. जुनी चिकटवलेल्या कवचाची असेल तर शिवणीत पातळ पातं घालून कोपऱ्यापासून उकला, मधून फोडू नका. दोन्ही चकत्या टेपसकट एकदम उचलून नव्या कवचात ठेवा. टेपची चकचकीत बाजू आत आणि मंद बाजू हेडकडे, हे बंद करण्याआधी दोनदा पाहा. पीळ राहिला तर एका जागेपासून पुढे आवाज दबलेला आणि दुसऱ्या बाजूची गाणी उलटी ऐकू येतात. लोकरी तुकडा आणि दोन्ही कोपऱ्यांतली छोटी चाकं बसली की स्क्रू हलक्या हाताने, तिरप्या क्रमाने.

एकदा उतरवून झाल्यावर कॅसेट उभी ठेवा, आडवी नाही, आणि पूर्ण वाजवून संपलेल्या स्थितीत. लगेच मागे गुंडाळू नका. कोकणात-गोव्यात जूनच्या आधी डब्यातलं सिलिका जेल बदलायचं. निळ्या दाण्यांचं घेतलंत तर गुलाबी झाल्यावर कळतं.

नवखा_०७

करतो. कवच उकलताना शंका आली तर फोटो टाकतो इथे.

टेपगुंडाळी

उकलण्याआधी टाका.